नोंद नाही

डरहॅममध्ये, नदीकाठच्या ग्रंथालयाच्या तळघरात
मी मिस गार्बट यांची कार्डं संगणकात उतरवते आहे.
तासावर पगार. हीटर अर्धाच चालतो.

चाळीस वर्षं त्यांनी एकाच माणसाचा माग काढला:
फुरुहाता नो ओकिमारो, जपानी दरबारातला,
श्रेणी पाचवी, त्यातही कनिष्ठ,
बाराशे वर्षांपूर्वी मेलेला.

दरबारच्या बखरीत त्याच्या वाट्याला सात ओळी.
अमुक साली श्रेणी मिळाली.
अमुक साली उत्तरेकडच्या प्रांताची सुभेदारी.
मग बदली. मग पुन्हा बदली.
लग्न कुणाशी, दात कधी पडले,
होडीत बसायची भीती वाटायची का,
बखर गप्प.

मी मात्र ओळखते त्याला.
माझे वडील मामलेदार होते.
पत्र्याच्या ट्रंकेवर जुनं गाव खोडून नवं,
आणेवारी, शिरगणती, जमाबंदी,
साहेब येणार म्हणून चुना फासलेले दगड.
ओकिमारोही असाच निघाला असेल
परक्या गावच्या भाताच्या पेंढ्या मोजायला.
हिशेब लाकडी पट्ट्यांवर;
चुकला की वरचा पापुद्रा तासायचा
आणि त्याच पट्टीवर पहिल्यापासून.

पाचव्या आणि सहाव्या ओळीच्या मध्ये
अकरा वर्षं नाहीत.
तिथलं कार्ड कोरं. कोपऱ्यात पेन्सिलीने:
आजारी? रुसलेला?
आणि चहाच्या कपाचा गोल डाग.

एका कलेक्टरला नाही म्हटल्यावर
वडील दोन वर्षं घरी होते.
रेडिओ उघडायचे, जोडायचे, उघडायचे.
सेवापुस्तकात त्या दोन वर्षांपुढे आडवी रेघ.
आई म्हणायची, तेवढीच दोन वर्षं
हा माणूस माझ्या हाती लागला.

साडेतीनलाच अंधार. बाहेर वेअर नदी फुगलेली.
मी टाइप केलं:
जाईल कुठे? घरीच होता.
काहीतरी उघडत होता, जोडत होता.

पुढचा रकाना ‘पुरावा’.
तो भरल्याशिवाय पान उलटत नाही.
मी वाक्य पुसलं. रकान्यात एक टिंब दिलं.
पान उलटलं.

सहावी ओळ: श्रेणी पाचवी, आता वरिष्ठ.
सातवी मृत्यूची. महिना आहे, तारीख नाही.
खाली मिस गार्बट यांचं बारीक, तिरकं अक्षर:
कापणीचे दिवस.
मोजायचं राहिलं असेल.