डावी बाजू

सागाचा भाव ऐकून पोशाकाका
वखारीतून लाकूड न घेताच परतले,
रिक्षात कोंबड्यांच्या जाळीची दोन भेंडोळी.

सारसोळ्याच्या जेट्टीमागे सळ्यांचा सांगाडा उभा राहिला,
खाऊन ठेवलेल्या घोळीसारखा.
तारा पिळता पिळता
माझी बोटं चौकटीचौकटीची झाली.

"शिमिटाची होरी?" चांगुणामावशी हसली,
"मंग रामाचा नाव पन लिव तिचेवर."
काका बोलले नाहीत. वीस वर्षं त्यांनी
पामबीचच्या टॉवरांना गिलावा केला,
एकाही गॅलरीत बसून खाडी पाहिली नाही.

मग एका रविवारी पहाटेपासून.
मध्ये थांबायचं नाही,
सांधा राहिला की पाणी तो हुडकतंच.
हात माखलेले, काकूने घास भरवले.
उजवी बाजू काकांची, डावी माझी.

पुढे अठ्ठावीस दिवस
काकू गोणपाटं भिजवत राहिली,
बाळंतिणीच्या खोलीत जावं तशी, दबक्या पावलांनी.
पाण्यात उतरण्याआधीच होडीने
किती हंडे पाणी पिऊन घेतलं.

उधाणाच्या दिवशी नारळ फोडला तो
जेट्टीच्या पायरीवर. तिच्यावर नको,
काका म्हणाले, उगाच परीक्षा कशाला.
चौदा जणांनी ढकलली. चिखल, चिखल, मग
हातातलं वजन एकदम गेलं.

तरंगते.
मावशी अजून त्यावर काही बोललेली नाही.
फक्त जराशी डावीकडे कलते,
जिथे भीतीपोटी मी
एक थर जास्त दिला होता.

काका जाळं उजवीकडे ठेवतात.
मला काही विचारत नाहीत.