तीन चाळीस

खोली चारशे बारा. उठवायचं तीन चाळीसला.
संध्याकाळच्या पाळीतल्या पेडणेकरनं वहीत लिहिलंय,
खाली मी पुन्हा लिहिलंय.

कॅप्टन देवस्थळी आले रात्री नऊ वीसला.
कागदावर त्यांची विश्रांती तीन तास आधीच सुरू झाली होती,
विमानाची चाकं थांबली तेव्हापासून.
म्हणजे टर्मिनलबाहेर गाडीची वाट बघत
ते विश्रांती घेत होते,
वाशीच्या खाडीपुलावर, टँकरच्या मागे,
विश्रांती घेत होते,
आणि माझ्यासमोर, चावीचं कार्ड तिसऱ्यांदा लागलं नाही,
तेव्हाही.

खाली हॉलमध्ये हळद.
दहाला वरून फोन: जरा आवाज...
हो सर, सांगतो, म्हणालो आणि उतरलो.
कुणाला सांगणार? नवरा माझा मावसभाऊ,
अख्खी घणसोली बेंजोवर नाचत होती.
मामीनं धरलं, दोन्ही गालांना फासली.
तसाच पिवळा वर आलो.
आवाज तेवढाच.

पावणेएकला बेंजो थांबला.
मग मागच्या गोदामात ट्रक रिव्हर्स घेऊ लागले,
टुंई टुंई टुंई,
तुर्भ्याला रात्री एवढंच पाखरू बोलतं.

एक वाजून वीस मिनिटांनी चारशे बाराचा दिवा लागला.
मी रिसीव्हर उचलला.
"किती वाजले?"
सांगितलं.
त्यांच्याकडे घड्याळ होतं. चांगलं, जाड घड्याळ.

आता तीन चाळीस.
बोट चारच्या आकड्यावर.

माझी ही सलग अकरावी रात्र.
गेल्या मंगळवारी घरी जाताना महाप्याच्या सिग्नलजवळ
डोळे मिटले, उघडले,
तोवर पुढचं चाक दुभाजकाला घासत होतं.
दोन सेकंद असतील.
माझ्या मागच्या सीटवर कुणी नव्हतं.
त्यांच्या मागे एकशे ऐंशी.

रिसीव्हर खाली ठेवला.
पाण्याची बाटली भरली. पेन शोधलं, हातातच होतं.
अकरा मिनिटं काढली कशीतरी,
दुसऱ्याच्या झोपेला राखण बसून.

तीन एक्कावन्न. पहिल्या रिंगलाच उचलला.
खणखणीत आवाज: "चेकलिस्ट पूर्ण."
मग बराच वेळ काही नाही,
नुसता एसीचा आवाज.
मग दुसराच कुणीतरी, म्हातारा, म्हणाला,
"हो. उठलो."

वहीत मी लिहिलं: ३.४०. सही केली.

खाली आले तेव्हा केस ओले, टाय सरळ,
डाव्या गालावर उशीची घडी.
काउंटरला टेकून टॅबमध्ये काही भरत होते.
मला उलटं दिसलं: विश्रांती पुरेशी झाली का?
बोट जरा थांबलं. मग हो वर टेकलं.
तेवढ्यात त्यांची नजर माझ्या वहीवर,
वहीवरून भिंतीवरच्या घड्याळावर.

"तीन चाळीसला उठवलंत?"
"तीन चाळीसला, सर."
"छान झोप झाली," ते म्हणाले.

आम्ही दोघांनीही एकमेकांचं काही खोडलं नाही.

गाडी दाराशी येऊन उभी होती. जाता जाता वळले,
"तुमच्या गालाला काहीतरी..."
हळद सर. भावाची.
"पाळी कधी सुटते?"
सहाला.
"बाइक?"
हो.
"हळू जा."

हे त्यांना कोण सांगणार,
आणि तेवढ्या उंचीवर हळू म्हणजे किती,
मला माहीत नाही.

सहाला मी धाकट्याला फोन केला. ये न्यायला, म्हटलं,
माझ्याच्यानं चालवणार नाही.
आला शिव्या घालत, अर्धवट झोपेत, पण आला.
मी मागे बसलो.
महाप्याच्या सिग्नलला वरून विमान गेलं म्हणे, बरंच खालून.
घरी आल्यावर धाकटा सांगत होता.
मी त्याच्या पाठीवर डोकं टाकून
केव्हाच झोपलो होतो.