जागा क्रमांक सत्तेचाळीस

शनिवारी सव्वानऊला कोर्टाच्या घुमटाखालून निघतात ती,
अकरा-बारा माणसं, नाकावर पांढरं मलम,
खांद्याला पाण्याच्या बाटल्या,
आणि पुढे एक काळी छत्री: डोन्या एर्लिंदा.
जुनं शहर, पायी. दीड तास. वीस डॉलर.
मुलांना अर्धे.

माझ्या खोक्यातून सगळं ऐकू येत नाही.
खोकं म्हणजे पार्किंगची टपरी,
एक खिडकी, एक पंखा, सुट्ट्या पैशांचा डबा.
वारा आणतो तेवढं मात्र पाठ झालंय:
इथे किल्ल्याची भिंत होती, तीन फूट जाड,
नुसती माती, पेंढा आणि माणसांचे तळहात.
इथे कालव्याच्या काठी चिन्यांचे भाजीचे मळे.
हे हॉटेल दोनदा जळलं,
दुसऱ्यांदा विम्यासाठी, असं लोक म्हणतात,
मी म्हणत नाही.
इथे हशा. दर शनिवारी, त्याच खांबापाशी.

मग ती माझ्या लॉटमध्ये शिरतात.
एकशे बारा गाड्यांची जागा, सपाट डांबर,
दहा वाजताच बुटाच्या तळव्याला चिकटणारं.
तिरपं गेलं तर पलीकडचं थिएटर साठ पावलांवर.
एर्लिंदा तिरपी जात नाही.
फाटकापासून नाकासमोर चालते,
मग आडवं काही नसताना उजवीकडे वळते,
वीस पावलं, मग डावीकडे,
एका ठिकाणी मान जराशी वाकवते,
आणि मागे ती सगळी,
मुंग्यांनी धरावी तशी तिची वाट धरून,
उजवीकडे, डावीकडे.
मान मात्र कोणी वाकवत नाही.

पहिल्या वर्षी वाटलं, म्हातारी उन्हानं भंजाळली.
एकदा विचारलंच.
"अरे लेकरा," ती म्हणाली, "भिंतीतून कसं जाणार?"

गल्ली आठवड्यात पाडली होती.
पालिकेला सभागृह हवं होतं.
सभागृह तिकडे झालं, इथे त्याच्या गाड्या.
हे ती सहलीत सांगत नाही. मला सांगितलं,
माझ्या स्टुलावर बसून, छत्री मिटून,
माझंच पाणी पीत.

सत्तेचाळीस नंबर म्हणजे स्वयंपाकघर.
एकदा तिथे लाल पिकअप उभी होती,
नुकतीच आलेली.
तापलेल्या बॉनेटवर पंजा टेकून ती लोकांना म्हणाली,
"चूल इथेच होती,"
आणि हात लगेच काढला नाही.

तेव्हापासून शुक्रवारी रात्री मी तिथे केशरी शंकू ठेवतो.
मालकाला सांगितलंय, डांबर खचलंय.
अगदीच खोटं नाही.
भेगेतून माती दिसते, तिच्यात पेंढ्याची एक काडी.
मी उकरलेलं नाही.

गेले तीन शनिवार छत्री नाही.
एक म्हणतो, लेकीकडे गेली, अल्बुकर्कीला.
एक म्हणतो, दवाखान्यात.
मी खोदून विचारत नाही. विचारलं की उत्तर येतं.

नव्या पोराचं नाव कीगन, गालाला चिकटलेला माईक.
शब्द न शब्द खोक्यापर्यंत पोचतो.
सनावळ्या सगळ्या बरोबर.
हॉटेल एकदाच जळलं म्हणतो. खांबापाशी शांतता.
आणि लॉट तिरपा ओलांडतो,
न्हाणीतून, माजघरातून,
कोणाच्या तरी उशाशी पाय देत.

आज मी खिडकी उघडून ओरडलो.
ओरडायचं होतं "भिंत!"
तोंडातून निघालं, "गाडी येतेय!"
सगळे थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं,
मग माझ्याकडे.
मग गेले.

शेवटी एक मुलगी उरली, सातेक वर्षांची, अर्ध्या तिकिटाची.
शंकूला तिनं नीट वळसा घातला,
चार पावलं गेली,
आणि बुटाचा पट्टा सुटला म्हणून वाकली.

ती जागा मी पावलांनी मोजलेली आहे,
लॉट रिकामा असताना, रात्री.
चौकट तिथेच होती. ठेंगणी.