दुसऱ्या खंडापासून

पहिला खंड कुणीतरी नेला, तो परत आलाच नाही,
म्हणून मी दुसऱ्यापासून सुरुवात केली.
परक्या लग्नात मागच्या दाराने शिरावं तसं:
सगळे एकमेकांना ओळखतात, कुणी रुसलंय, कुणी रडून आलंय,
आणि माझ्या हातात न विचारताच ताट.

केम गावचं बॉयलरघर. रात्रपाळी.
बाहेर श्वेत समुद्र गोठलेला, आत कोळसा.
दर वीस मिनिटांनी काटा बघायचा, फावडं मारायचं,
मग पुन्हा पान चारशे सात,
जिथे एकाच माणसाला बायको एक म्हणते, आई दुसरंच,
आणि कोर्टातला शिपाई बापाच्या नावासकट तिसरं.
दोन रात्री मी त्याला तीन माणसं समजत होते.
त्यातल्या एकावर जीवही जडला होता.

मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीची यादी,
माझ्या आधीच्या कुणाची. बारीक, उजवीकडे झुकलेली.
कोण कुणाचा मेहुणा, कुणाचं रान गहाण,
कोण कितव्या पानावर मेलं.
एकशे चाळीस नावं. शेवटचं:
'नाऊम, टपालगाडीवाला. रडणाऱ्या पोराला टोपी दिली. पुढे?'
त्याखाली काही नाही.
कार्डावर नाव सावेली इग्नात्येविच,
परत केल्याची सही मात्र बाईच्या अक्षरात.

रिम्मा म्हणाली, आपल्या जिन्यातली माणसं तुला ठाऊक नाहीत,
आणि या कागदी गोतावळ्याचं सुतक पाळतेस!
खरं होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात एकाची विचारपूस केली.
तो दचकला.

तिसऱ्या खंडात नाऊम नाही.
सेनापती, त्याची मुलगी, सत्तर पानांचा तह,
सगळे मी भराभर उलटले,
जत्रेत आपलं माणूस शोधताना
बाकीचे चेहरे बाजूला सारावेत तसे.
एक युद्ध संपलं. कोण जिंकलं, कळलं नाही.

चौथा खंड, पान पाचशे अठरा. पहाटेचे पाच.
कुणाच्या तरी अंत्ययात्रेत
नाऊम घोडा धरून उभा. बोडक्या डोक्याने.
एवढंच. अर्धी ओळ.
म्हणजे टोपी परत आली नव्हती.

काटा लाल रेघेला टेकला होता.
धावले, झडप सोडली, वाफेला वाट दिली,
अंगावरचा घाम थंड झाला.
मग दुसरा खंड काढला आणि त्या 'पुढे?'च्या खाली
काळ्या बोटांनी लिहिलं:
'खंड चार, पान ५१८. आहे.'

माझंही नाव घालावं का, वाटलं क्षणभर.
राहू दे. यादी आधीच लांब आहे.