तासिका तत्त्वावर

दारव्ह्याच्या कॉलेजात, प्राचार्यांच्या केबिनबाहेर
प्लास्टिकच्या आठ खुर्च्या.
तिसरीवर कुमरे मॅडम,
सातवीवर मी.
जागा एकच.

मॅडम, तुमच्या मांडीवर तीच हिरवी फाईल
जी एकोणीस जुलै तुम्ही इथं आणलीत.
शारीरिक शिक्षण, हॉकी (महिला), तासिका तत्त्वावर.
मार्चमध्ये तुम्ही संपायचात,
जुलैत नव्यानं रुजू व्हायचात,
आणि मधले तीन महिने नवऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात
दुसऱ्यांच्या अर्जांच्या प्रती काढायचात.

माझ्या अर्जाचीही तिथंच काढली.
मला लपवता आलं असतं, यवतमाळला जाता आलं असतं.
नाही गेले.
तुम्ही कागद उजेडात धरलात,
"सेटची तारीख चुकली पाह्य," म्हणालात,
खाडाखोड नको म्हणून नवा फॉर्म दिलात.
सहा रुपये मात्र घेतलेत.

जिनिंगच्या भिंतीमागची आपली काळी जमीन
श्रावणात बूट गिळायची
आणि एप्रिलात अशी फाटायची
की भेगेत गेलेला बॉल सळाखीनं काढावा लागे.
गोलपोस्ट बोअरच्या पाइपाचे.
वारा सुटला की कापसाचे पुंजके यायचे उडत,
आणि पेनल्टी कॉर्नरला
आपल्याकडे नेमकं काय पांढरं येतंय
मला कळत नसे.
"पाय पाहू नको वं. बॉल पाह्य."

माझे पॅड हमीदभाईंनी शिवले होते,
मंडपातल्या नवरदेवाच्या सोफ्याचा स्पंज,
मरून रेग्झीन, कडेला सोनेरी झालर.
झालर तुम्ही रात्री बसून उसवलीत,
एका पॅडची थोडी राहिलीच.
अमरावतीला तिला सगळे हसले,
हाफटाइमपर्यंत.

तिथंच पहिल्यांदा टर्फ पाहिलं.
निळं, ओलं, कुठंच भेग नाही.
तुम्ही वाकून त्यावर तळवा ठेवलात,
डावा.
मग मला आठवलं:
मस्टरवर सही डाव्या हातानं,
पोरींच्या केसांतले काटे डाव्या हातानं,
चिडलात की भिंतीवर फक्कीची पुडी डाव्या हातानं.
पण डावखुऱ्यांची स्टिक बनतच नाही.
विचारलं, तर म्हणालात,
"नियमात बसत नाही,"
आणि पुढच्या मुलीची पकड सरळ केलीत.

वनिता पोलिसात लागली.
रुखसाना दिग्रस डेपोला कंडक्टर,
बस वळणावर असते तेव्हाही दांडी धरत नाही,
गुडघे वाकवून उभी राहते, अजून.
सुषमाच्या घरी तुम्ही चार वेळा गेलात हाफ पँटसाठी,
पाचव्या वेळी तिच्या लग्नाला.
आहेराच्या पाकिटात काय होतं
ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.
प्रशिक्षक म्हणून कुणीच नाही.
मी सोडून.

आता शिपाई तीन नंबर पुकारतो.
तुम्ही उठता, पदर नीट करता,
फाईल उजव्या काखेत, म्हणजे डावा हात मोकळा.
मी मान खाली घालते.
माझ्या टाचा जमिनीवरून उचललेल्या आहेत,
कधीपासून, माहीत नाही.
तुमच्या चपला माझ्या खुर्चीपाशी थांबतात.

काहीतरी मोठं म्हणाल असं वाटतं.
माफ करा म्हणावं असं मलाही वाटतं.

किल्ली हातात देता, स्टोअररूमची,
सुतळीत ओवलेली.
"पाचाले पोरी येतीन.
मले उशीर झाला तं खोली उघडजो.
बावीस स्टिका हायेत, मोजून देजो, मोजून घेजो.
दोन चिरल्या हायेत,
त्या नव्या पोरींच्या हातात नको देऊ."