येतो म्हणजे

हरिपूरच्या रस्त्याला, चिंचांच्या सावलीत,
आमच्या वरच्या खोलीत दोन वर्षं राहिला युहानी.
फिनलंडचा. कुपवाडच्या एमआयडीसीत
हळदीचा अर्क काढायचं यंत्र बसवायला आलेला.
संध्याकाळी कोपरापर्यंत पिवळा होऊन यायचा.
माझी थोरली बहीण, आक्का, म्हणायची,
आला बघ नवरदेव.

मराठीतला पहिला शब्द त्याला दिला
नळवाल्या रावसो खोतानं.
"येतो की सायेब. आलोच."
युहानी जिन्यात बसला चारपर्यंत,
मग सहापर्यंत,
मग गुरुवारपर्यंत.
त्याच्या वहीत मी नंतर पाहिलं:
येतो = नाही.

जेवला का, असं चहावाल्या बाबगोंडानं विचारलं
की तो उभा राहून नीट सांगायचा:
दोन अंडी, पाव, काळी कॉफी.
बाबगोंडा ऐकून घ्यायचा, जबाब घेतल्यासारखा.
आमची मान हो आणि नाहीच्या मधे कुठंतरी हलते,
तिकडं तो बघत राहायचा
काटा स्थिर व्हायची वाट बघत.

आक्का वाटीतून आमटी पाठवायची.
वाटी परत यायची घासूनपुसून, लखलखीत,
रिकामी. वर थँक्यू.
आक्काला दोन्ही लागायचं.
"मी काय खानावळ काढलीया?"
मी त्याला म्हटलं, भांडं रिकामं परत देऊ नये.
का, म्हणाला.
मला का माहीत नव्हतं.
दुसऱ्या दिवशी वाटीत साखरेच्या दोन पुड्या,
विमानातल्या.
त्या अजून फोडल्या नाहीत आक्कानं.

तुमच्याकडं शेजारी काय विचारतात, मी विचारलं एकदा.
म्हणाला, जिन्यात पावलं वाजली
तर आम्ही दाराआड थांबतो,
ती उतरून जाईपर्यंत.
उगीच कुणाला बोलायला लागू नये म्हणून.
हे त्यानं इतक्या मायेनं सांगितलं
की मला हसता आलं नाही.

मग ताप आला त्याला, चांगला चार दिवस.
अकरा माणसं खोलीत बसून गेली.
चिकू आणले, उसाच्या दरावर भांडली,
खिडकी कुणी उघडली, कुणी लावली.
तो भिंतीकडं तोंड करून पडलेला.
आता हा आम्हाला हाकलणार, मला वाटलं.
बरा झाल्यावर म्हणाला,
"मला कुणी काही विचारलं नाही.
झोप लागली."

निघायच्या दिवशी बॅगा गाडीत गेल्या.
आक्का दारात, हातात दहीसाखरेची वाटी.
रावसोही आलेला, नेमका त्याच दिवशी, पाना घेऊन.
युहानीनं दही खाल्लं, हात जोडले,
आणि स्पष्ट, शुद्ध म्हणाला:
"जातो."

बाबगोंडाची किटली हवेतच राहिली.
"असं म्हणू नये रे," आक्का म्हणाली, "येतो म्हण."
त्यानं रावसोकडं पाहिलं.
रावसोनं पान्याकडं.
खोटं तर त्याला बोलता येत नव्हतं,
आणि आक्का दारातून हलत नव्हती.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
मग तिच्या हातातली वाटी त्यानं हळूच काढून घेतली,
तशीच, दह्याच्या डागासकट,
कोटाच्या खिशात घातली
आणि गाडीत बसला.

आता सहांतल्या पाचच आहेत मांडणीवर.
मी दोनदा म्हटलं, मारुती रोडला मिळेल तसली, आणतो.
आक्का म्हणते, राहू दे.
आपली वाटी त्याच्याकडं आहे.