पापडी ते पाचूबंदर, माणशी दोनशे

सहाला पापडीच्या तळ्यापाशी जमायचं ठरलं होतं.
साडेसहाला नऊ जण आले, आणि एक झोपलेलं बाळ.
मी म्हटलं, मी रेजिना तुस्कानो.
दिवसा पतपेढीत बसते,
डिसेंबरात संध्याकाळी उजेड दाखवते.
पाणी आहे ना सगळ्यांकडे? चला.

पहिला तारा सिमांव अंकलचा.
बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, घरची खळ.
आत पूर्वी साठचा बल्ब असायचा, आता नऊचा.
एक टोक दरवर्षी वाकडं येतं.
विचारलं तर म्हणतात,
तीन राजांना वाट सापडली ना? मग झालं.

पुढचे तारे विकतचे.
ते सरळ असतात.

देवळाच्या मनोऱ्यावरच्या माळा शौकतभाईंच्या.
गणपतीत त्या नालासोपाऱ्याला होत्या,
नवरात्रात कुठल्याशा सोसायटीत, मग एका लग्नात,
मग उरुसात. आता इथे, घंटेच्या वर.
मधले चार बल्ब जात नाहीत आणि येतही नाहीत.
ते विसर्जनाच्या गर्दीत गेले, शौकतभाई सांगतात,
आणि तेवढे पैसे बिलातून कापतात.

गल्लीतल्या मुलांचा गोठा पाहायला वाकावं लागतं.
नाचणी पेरून उगवलेलं गवत, कापसाचा ढग,
एक शिंग मोडलेला बैल,
आणि बेथलेहेमच्या वेशीवर लाल एसटी,
कारण ती कुणाकडे तरी होती.
गव्हाण रिकामी.
ठाण्याच्या बाई विचारतात, बाळ कुठाय?
बारा वाजता येईल, गोठ्याचा मालक म्हणतो, वय वर्षं आठ.
सध्या लोरेटा आंटीच्या कपाटात आहे,
हातरुमालात.

इथे मी दोन मिनिटं थांबते.
दाखवण्यासारखं काही नाही.
कॅमेरावाले गृहस्थ वर बघतात, खाली बघतात,
इमारतीचं नाव वाचतात.
इथे बावखल होतं, मी सांगते.
वाडीला पाणी लावायचं, म्हशी डुंबायच्या,
आणि नाताळात काठावरचा एकेक दिवा दोनदा लागायचा,
एकदा जाग्यावर, एकदा हलत.
वीजबिल एकाचंच.
लहानपणी आम्ही पैज लावून मोजायचो
आणि खडा टाकून
दुसऱ्याचा आकडा चुकवायचो.

पार्किंगमध्ये रखवालदारानं
स्वतःच्या खुर्चीला छोटी माळ गुंडाळलीय.
ती यादीत नव्हती. यंदापासून धरते.

मग फिलू मावशीच्या ओट्यावर कुलकुल.
कृती विचारली की ती सांगते, मैदा, नारळाचं दूध, आणि भांडण.
सगळ्या जावा एका ताटाभोवती बसल्याशिवाय
कंगव्यावर नीट वळत नाहीत म्हणे.
या वर्षीचे फार सुरेख वळलेत.

पाचूबंदरला पोचलो तेव्हा पाय बोलायला लागले होते.
वाळू, बोंबलाच्या रिकाम्या वलांडी,
शाकारलेल्या एका होडीवर तारा.
तेवढ्यात कुणीतरी ओरडलं,
अगं बाई, समुद्रातसुद्धा!
लांबवर सात-आठ दिवे, हलके वरखाली.
हे कुणी लावलेत? केवढी हौस!
सगळ्यांचे फोन तिकडे वळले.
ते कामावर आहेत, मी म्हटलं.
डोल टाकलीय. ओहोटी बायबल वाचत नाही.
मध्यरात्रीच्या मिस्साला त्यातले काही पोचतील,
ओल्या केसांनी, दाराजवळ उभे राहतील,
आणि त्यांना जागा द्यायला सरकताना
कुणी नाक मुरडणार नाही.
तरी फोटो काढा, म्हटलं. चांगले येतात.

परतीची बस नवाची.
थांब्यावर एकच ट्यूब, तीही
लागू की नको करणारी.
बाळ तिथे जागं झालं.
ट्यूब लागली, ते हसलं.
विझली, ते थांबलं.
लागली.
बस येईपर्यंत नऊच्या नऊ माणसं
मान वर करून उभी होती.

बाळाचे पैसे मी घेतले नव्हते.